झोपेत पैकीच्या पैकी

शहापूरहून मुरबाडला जाताना उजव्या हाताला एक गाव लागतं. गावाचं नाव सांगत नाही, कारण दोन हजार दोन सालच्या दारिद्र्यरेषेच्या यादीवरून तिथं अजून भांडणं चालू आहेत आणि आपल्याला त्यात पडायचं नाही. ती यादी केली होती ग्रामसेवक महिपत हरड, म्हणजे गावाचे भाऊसाहेब, यांनी. घरोघरी जाऊन तेरा प्रश्न विचारायचे. घर कसलं, जमीन किती, कपडे किती, दोन वेळचं जेवण मिळतं का. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण द्यायचे. गुण जितके कमी तितका माणूस गरीब, आणि गरीब ठरला की घरकुलापासून धान्यापर्यंत सगळं त्याच्या दारात. शाळेत कधी पास न झालेली माणसंसुद्धा त्या वर्षी नापास होण्यासाठी जिवाचं रान करत होती. काळूराम हॉटेलवाल्याने टीव्ही भाताच्या कणगीत पुरला आणि सुखरूप रेषेखाली गेला. हरडांच्या शेजारच्या गोजाबाईचं मात्र नशीब फुटकं. भाऊसाहेब तिच्या दारात गेले तेव्हा दोरीवर नऊ साड्या वाळत होत्या. त्यातल्या सहा बाळंतपणाला आलेल्या लेकीच्या, सावळीच्या आहेत असं ती घसा फोडून सांगत होती, पण भाऊसाहेबांनी डोळ्यांना दिसलं ते लिहिलं आणि गोजाबाई एका गुणाने वर गेली. तेव्हापासून रोज सकाळी अंगण झाडताना ती हरडांच्या दाराकडे तोंड करून तो एक गुण परत मागत असे.

तर अशा या दुसऱ्यांना गुण देणाऱ्या माणसावर तीन वर्षांनी स्वतःचे गुण मोजून घ्यायची पाळी आली, आणि तीही झोपेपायी.

महिपतरावांना झोपेची चणचण नव्हती. उलट ती न बोलावता येई. एकदा ग्रामसभेत मागच्या सभेचं इतिवृत्त वाचताना ते 'ठराव' म्हणाले आणि 'सर्वानुमते' यायच्या आत त्यांची मान छातीवर पडली. लोकांनी बराच वेळ वाट पाहिली आणि ठराव बारगळला असं समजून घरी गेले. मुरबाडहून घरी यायला एसटीत बसले की ते शहापूरच्या डेपोत जागे होत. पंचायत समितीच्या बैठकीत साहेब स्वच्छतेवर बोलत असताना ते घोरले, तेव्हा त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. 'डोळे मिटून विषयाचे मनन करीत होतो' असं त्यांनी लेखी उत्तर दिलं. कळस झाला तो मुरबाडच्या एका जुन्या हेडमास्तरांच्या शोकसभेत. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. भाऊसाहेब उभ्याउभ्या झोपले आणि घोरायला लागले. मागच्या रांगेतल्या एका बाईंना तो हुंदका वाटला आणि त्यांनी डोळे पुसत भाऊसाहेबांच्या पाठीवरून हात फिरवला. हेडमास्तरांवर एवढं प्रेम करणारा माणूस तालुक्यात दुसरा नाही, असं पुढे बरेच दिवस बोललं जात होतं.

घोरण्यावर गावात औषधांची कमी नव्हती. कुणी नाकात गाईचं तूप सोडायला सांगितलं, कुणी उशाखाली विळा ठेवायला सांगितलं. उताणं झोपल्यानेच माणूस घोरतो, असा काळूरामचा सिद्धांत होता. म्हणून त्याने भाऊसाहेबांच्या पाठीला उपरण्याने नारळ बांधून दिला. सकाळी पाहतात तर नारळ फुटलेला, गादी ओली आणि भाऊसाहेब उताणे.

एकटी गिरजाबाई, म्हणजे त्यांची बायको, औषध सांगत नव्हती. तिचं म्हणणं असं की हे घोरतात त्याची तिला काळजी नाही, घोरायचे थांबतात त्याची आहे. गिरजाबाई कमी बोलणारी बाई. सातवी शिकलेली, पण गावात तिचा मान होता तो मापासाठी. झोडणी झाली की भात मोजायला लोक तिला मुद्दाम बोलावत. ती पायली भरून ओतायची, पहिल्या पायलीला एक न म्हणता रिवाजाप्रमाणे 'लाभ' म्हणायची, मग दोन, तीन, आणि प्रत्येक पायलीमागे एक चिंचोका बाजूला टाकायची. तिच्या मोजणीत कधी एका पायलीची चूक सापडली नव्हती. अशी बाई श्वास थांबतो म्हणाली, म्हणून शहापूरच्या डॉक्टरांनी ते मनावर घेतलं आणि मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली.

तिथं भाऊसाहेबांना अंगभर वायरी लावून एक रात्र झोपवलं. सकाळी डॉक्टर म्हणाले की याला ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशातली वाट मिटते, श्वास अडकतो, जीव घाबरून अर्धवट जागा होतो, आणि तुमचं हे तासाला चाळीसेक वेळा होतं. म्हणजे रात्रभर झोपून तुम्ही झोपलेले नसताच. यावर एक मशीन होतं. नाकावर मास्क बसवायचा आणि नळीतून हवेचा दाब देऊन ती वाट उघडी ठेवायची. ग्रामसेवकाने विकत घ्यावं असं ते मशीन नव्हतं. पण नशिबाने हॉस्पिटलमध्ये त्याच काळात एक अभ्यास चालू होता. या आजाराच्या माणसांचं जीवनमान आधी मोजायचं, मग तीन महिने मशीन द्यायचं, मग पुन्हा मोजायचं. ज्यांच्यात फरक पडेल त्यांनी मशीन कायमचं ठेवायचं.

मोजायची पद्धत म्हणजे पस्तीस प्रश्नांचा मराठी फॉर्म. तो भरून घ्यायला रत्नप्रभा नावाची मुलगी होती. ती खर्डीची, रोज तिथून ये-जा करणारी. तिने नीट समजावलं की प्रत्येक प्रश्नाला एक ते सात यातला आकडा गोल करायचा, एक म्हणजे फार त्रास, सात म्हणजे अजिबात त्रास नाही.

इथं घोटाळा झाला. 'जीवनमान' हा शब्द, आकड्यांचे रकाने आणि खाली एकूण बेरीज. भाऊसाहेबांनी असा फॉर्म आयुष्यात एकदाच पाहिला होता आणि त्यात कमी गुण कुणाला मिळतात ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. हरडांचा माणूस, पंचवीस वर्षं सरकारी नोकरी, दारात मोटारसायकल, आणि मुंबईच्या कागदावर तो दारिद्र्यरेषेखाली जाणार? दिवसा डुलकी लागते का, सात. कामात लक्ष लागत नाही का, सात. चारचौघांत अपमान वाटतो का, इथं शोकसभा आठवून पेन जरा थांबलं, पण सात. गिरजाबाई शेजारून डोकावायला लागली तशी त्यांनी परीक्षेतल्या पोरासारखा कागदावर हात आडवा धरला. 'तुमच्या झोपेचा घरच्या माणसांना किती त्रास होतो' या तेविसाव्या प्रश्नावर सात गोल करता करता ते झोपले. पेन त्या सातवरून घसरत पानाच्या तळापर्यंत गेलं. रत्नप्रभाने ती रेघ पाहिली, त्यांना हलवून जागं केलं, उरलेल्या बारा प्रश्नांपुढेही सात गोल झाले आणि तिने फॉर्म घेतला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. आपले जीवनमान उत्तम आहे. सबब अभ्यासासाठी आपली निवड होऊ शकत नाही. पहिलं वाक्य वाचून भाऊसाहेबांची छाती फुगली, ते पत्र त्यांनी काळूरामच्या हॉटेलात दोघातिघांना दाखवलंही. दुसरं वाक्य घरी गिरजाबाईने वाचलं. मशीन येणार नव्हतं. ती पत्राची घडी घालून डब्यामागे ठेवून आत गेली आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं. एरवी ती मीठ कधी विसरत नसे.

बातमी गावात पसरायला वेळ लागला नाही. गोजाबाई झाडू हातात घेऊनच आली. तिने शांतपणे विचारलं, "मला एका साडीपायी वर चढवलंत भाऊसाहेब, आनि सोता तर पार माळ्यावर जाऊन बसलात. आता उतरनार कसं?"

तरीही भाऊसाहेब हलले नसते. माणूस एकदा अब्रूच्या झाडावर चढला की त्याला उतरायला शिडी लागते, आणि ती शिडी त्यांना सरळगावच्या रस्त्यावर मिळाली. भर दुपारी बाराला, कोरड्या सरळ रस्त्यावर, मागे गिरजाबाई बसलेली असताना त्यांना मोटारसायकलवर डुलकी लागली. गाडी संथपणे रस्ता सोडून नुकत्याच लावणी झालेल्या खाचरात शिरली आणि चिखलात उभी राहिली. दोघांनाही खरचटलं नाही. भाऊसाहेब चष्मा शोधत, खाचराच्या मालकाची रीतसर माफी मागायचे शब्द जुळवत होते. गिरजाबाई गुडघाभर चिखलात उभी राहून म्हणाली, "माझ्या झोपेचं र्‍हाऊ द्या. पन जाग्यापनी तरी मला मारू नका."

सत्तावीस वर्षांच्या संसारात ती त्यांना एवढं तोडून कधी बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब मुंबईला गेले आणि आपले गुण कमी करून मिळावेत असा अर्ज, तीन प्रतींत, स्वतःच्या सुवाच्य अक्षरात देऊन आले. अर्ज या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला. गुण वाढवून मिळावेत असे अर्ज तिथल्या कारकुनाने पाहिले होते, कमी करून मागणारा हा पहिलाच. शेवटी रत्नप्रभाने तोड काढली. फॉर्म पुन्हा भरता येत नाही, पण शंका असेल तर गृहभेट घेऊन माहिती तपासता येते. एवढीच एक संधी, त्यानंतर यादी बंद. रविवारी घरी येते म्हणाली.

मुंबईहून बाई जीवनमान मोजायला येणार, एवढंच गावाला कळलं आणि एवढं पुरे होतं. गावाने ठरवलं की दारिद्र्यरेषेची फेरतपासणी आली. शनिवार संध्याकाळपर्यंत गावात एक टीव्ही उरला नाही. मोटारसायकली जंगलाच्या कडेला पेंढ्याखाली गेल्या. ज्याच्या त्याच्या अंगावर फाटकं. आणि भाऊसाहेबांचं घर आवरायचं काम गोजाबाई आणि काळूरामने जातीने हातात घेतलं. पंखा उतरवला, खुर्च्या शाळेत पोचवल्या, स्टीलची भांडी गोजाबाईच्या माळ्यावर. भाऊसाहेबांनी दुबळा विरोध केला की हा फॉर्म झोपेचा आहे, पंख्याचा नाही. काळूराम म्हणाला, फॉर्म कसलाही असो, फॉर्म भरनारा घर बघतो. भाऊसाहेब स्वतः तेच करत आले होते. गोजाबाईने तर त्यांची शिकवणीच घेतली. प्रत्येक प्रश्नाला आधी उसासा, मग 'एक'. ज्या माणसाने तिला वर ढकललं त्यालाच खाली यायची युक्ती ती शिकवत होती, आणि ते ती मनापासून करत होती.

रविवारी रत्नप्रभा रिक्षाने आली. गावभर कौलांवर टीव्हीचे अँटेने उभे होते, ते उतरवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ती ते पाहत पाहत हरडांच्या ओटीवर येऊन गोणपाटावर बसली आणि गालात हसत म्हणाली, "काका, आमच्याकडं पन दोन साली टीव्ही कनगीत होता. पन अँटेना काढला होता हो."

दारात निम्मं गाव जमलं होतं. प्रश्न सुरू झाले. उसासा, एक. उसासा, एक. रत्नप्रभाने मान वर न करता लिहून घेतलं. गाडी सुरळीत चालली होती. मग तिने विचारलं की तुमच्या आजारामुळे पत्नीशी तुमचं नातं किती बिघडलं आहे. नेमकी त्याच वेळी गिरजाबाई पाणी घेऊन आली. दारातून गोजाबाई एक बोट उंच धरून दाखवत होती. भाऊसाहेबांनी उसासा टाकला, तोंड उघडलं, गिरजाबाईकडे पाहिलं. चिखलाने माखलेलं लुगडं तिने आदल्याच दिवशी पुन्हा एकदा धुतलं होतं आणि डाग राहिले होते, ते त्यांना दिसले.

"सात," ते म्हणाले.

दारातला घोळका हळहळला. रत्नप्रभाने पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की असं एक किंवा सात करून चालत नाही, मला खरं लागतं. भाऊसाहेबांनी खरं काय ते आठवायला डोळे मिटले आणि बसल्याबसल्या भिंतीला टेकून झोपले. घोरणं सुरू झालं. चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं. गिरजाबाईने पेला खाली ठेवला, बोटाने त्यांच्या छातीवर टोकलं, आणि श्वास खडखडत पुन्हा सुरू झाला.

"लाभ," ती सवयीने पुटपुटली.

रत्नप्रभाने विचारलं की काकी, हे काय मोजता. आधी गिरजाबाई लाजली. मग आत जाऊन फडताळातून पायली घेऊन आली. ही एवढी वस्तू तिने गोजाबाईच्या माळ्यावर जाऊ दिली नव्हती. पायलीत चिंचोके होते, काठोकाठ. गेली नऊ वर्षं ती रात्री यांच्या उशाशी बसून मोजत होती. श्वास थांबला की टोकायचं आणि एक चिंचोका टाकायचा. पायली भरली की ओतायची, पुन्हा लाभपासून सुरू.

"मोजत र्‍हायलं की डोला लागत नाय," ती म्हणाली. "एकदा मी झोपले होते. जाग आली तं यांचे ओठ काले पडलेले. तेवापासून माप सोडलं नाय. मी झोपले आनि मोजायचं र्‍हायलं, तं यांना कोन टोकनार?"

गोजाबाईने पदराने नाक पुसलं. आपली शेजारीण रोज पहाटे अंगणात बसल्याबसल्या का पेंगते ते तिला आज कळलं होतं.

भाऊसाहेब मधेच कधीतरी जागे झाले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गावातल्या प्रत्येक घराचे तेरा रकाने त्यांनी भरले होते आणि स्वतःच्या घरातली ही पायली त्यांना ठाऊक नव्हती. त्यांना फार लाज वाटली, आणि ती अब्रूची नव्हती. त्यांनी रत्नप्रभाकडे जुना फॉर्म मागितला. तेविसाव्या प्रश्नासमोर सात गोल केलेला होता आणि त्याखाली पेनाची ती लांब रेघ. त्यांनी सात खोडला, एक गोल केला आणि शेजारी सरकारी शिरस्त्याप्रमाणे सही केली.

"हा खरा," ते म्हणाले. "बाकीचे आता तू विचार, मी खरं सांगतो."

मग कुठे दोन आले, कुठे तीन, एखाद्या ठिकाणी पाचही आले. रत्नप्रभाने सगळं लिहून घेतलं. जाताना गोजाबाईने तिला गाठून स्वतःचा एक गुण कमी करून मागितला. ते तिच्या हातात नव्हतं. पण भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी पंचायत समितीला पत्र पाठवलं की दोरीवरच्या नऊपैकी सहा साड्या माहेरवाशिणीच्या होत्या, चूक माझी. त्या पत्राचं काय झालं ते शहापूरलाच माहीत. गोजाबाई मात्र त्या दिवसापासून अंगण झाडताना तोंड दुसरीकडे करायला लागली.

महिन्याभराने मशीन आलं. ते आलं त्याच आठवड्यात लोडशेडिंगचं नवं वेळापत्रक आलं आणि वीज रात्री जाऊन दुपारी यायला लागली. म्हणून पहिला प्रयोग दुपारी दोनला ठरला. भाऊसाहेब खाटेवर आडवे झाले. काळूरामने सल्ला देत देत मास्कचे पट्टे आवळले, आधी उलटे, मग सुलटे. नाकाला सोंड लावलेले भाऊसाहेब पाहायला ओटी भरली होती. गिरजाबाई रिकामी पायली मांडीवर आणि चिंचोक्यांची मूठ घेऊन उशाशी बसली. मास्क नीट बसला नव्हता तेव्हा सुरुवातीलाच एकदा श्वास अडकला. तिने टोकलं, चिंचोका टाकला आणि 'लाभ' म्हणाली. काळूरामने पट्टा जरा सरकवला. मशीनची बारीक घरघर ऐकू येत होती आणि भाऊसाहेबांची छाती सावकाश वरखाली होत होती. लोक तिच्या तोंडून 'दोन' ऐकायची वाट पाहत राहिले. बऱ्याच वेळाने गोजाबाईने गिरजाबाईकडे पाहिलं आणि हाताने सगळ्यांना ओटीवरून हाकललं.

चारला वीज गेली, मशीन थांबलं आणि भाऊसाहेब जागे झाले. डोकं कित्येक वर्षांत नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. हे सांगायला त्यांनी मास्क काढला. गिरजाबाई भिंतीला टेकून, मान एका बाजूला टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपली होती. मूठ तशीच मिटलेली, पायलीत तो एकच चिंचोका. लग्नानंतर तिला झोपलेलं आपण नीट असं कधी पाहिलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं.

त्यांनी तिला हलवलं नाही. मशीनची नळी गुंडाळून बाजूला ठेवली आणि हातपंखा घेऊन तिच्याजवळ बसले. तिच्या नाकपुडीपाशी पदराची कड हलत होती. ती एकदा वर आली, खाली गेली, आणि भाऊसाहेब हळूच म्हणाले, लाभ. मग दोन. मग तीन. ती संध्याकाळी उठली तोवर ते कुठवर पोचले होते ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण एवढं मोजूनही त्या दुपारी त्यांना झोप आली नाही.